इथं भाऊकी जोडून मिळते

आमच्या लायब्ररीत दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ आम्ही शनिवारी झाडतो. किस्से मात्र कुणी झाडत नाही, ते एकावर एक चढत जातात. आता ठेवायला जागा उरली नाही, म्हणून थोडे तुम्हाला सांगतो.

लायब्ररी म्हणजे शिरूरला खताच्या दुकानावरची एक लांबट खोली. आमचं मंडळ लोकांना त्यांच्या वंशावळी शोधून देतं. आप्पा अध्यक्ष. रिटायर्ड तलाठी, मोडी वर्तमानपत्रासारखी वाचतात. शेलारबाई चिटणीस. त्यांचं सगळं आयुष्य मास्तरकीत गेलं, त्यामुळे मिशाळ माणसंसुद्धा त्यांच्यासमोर हात वर करून बोलतात. मी कारेगावला राहतो, कंपनीत सेकंड शिफ्ट करतो आणि सकाळी इथं येतो. शाळा नववीतच सुटली, पण अक्षर बरं आहे, म्हणून नावं लिहायचं काम माझ्याकडं. मला फारसं बोलता येत नाही. त्यामुळे लोक माझ्यासमोर अगदी मोकळेपणानं बोलतात!

*

एकदा एक शेतकरी आले. म्हणाले, "आमची वंशावळ पायजे. अर्जंट."

आप्पा खूश. अशी घाई वंशावळीसाठी कोण करतं? त्यांनी कपाटं उघडली, दप्तरांची फडकी सोडली आणि थेट मूळपुरुषापर्यंत जायच्या तयारीत बसले.

पाव्हणे घाबरले. "एवढ्या मागं नगं, आप्पा. आज्याच्या वक्ताला दोन भाऊ वेगळे झाले, तिथवरच काढा."

"का हो? अजून मागं रस्ता सापडतोय की."

"सापडू द्या. त्या दुसऱ्या भावाच्या घराशी बांधाचं भांडण हाय आमचं. त्याच्या मागं गेलं तर ते आन् आम्ही एकच निघू!"

*

बाईंचा एक नियम आहे. वंशावळीत बायकांची नावं आली पाहिजेत. पुरुषांना वाटतं, हे सोपं काम आहे.

एक तरुण इंजिनिअर आला. त्याला पणज्यापर्यंतचे सगळे पुरुष पाठ. बाईंनी विचारलं, "आजीचं नाव?"

"आजी."

"ते झालं नातं. नाव?"

त्यानं वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "आम्ही आईच म्हणतो." मग चुलत आजोबांना लावला. "आमची थोरली वहिनी की!" मग आत्याला. आत्या म्हणाली, "थांब, तुझ्या काकाला विचारते." काकाचा फोन बिझी. का, तर त्याला त्याच वेळी वडिलांनी लावलेला!

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे, त्यांना जाऊन किती वर्षं झाली?"

"कुणाला? आजीला? आजी खाली गाडीत बसलीय."

मला खाली पाठवलं. पिकअपच्या पुढच्या सीटवर आजी शेंगा खात होत्या. मी चाचरत नाव विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कंचं सांगू? म्हायेरचं का सासरचं?"

मी खिशातून पेन काढलं.

"दोन्ही लिव्ह," त्या म्हणाल्या. "जागा असंल तर."

*

प्लॉटिंगचा धंदा करणारे एक शेठ आले. फार्महाऊसच्या कमानीवर पूर्वजाचा पराक्रम कोरायचा होता. "सरदार-बिरदार निघंल असं बघा," म्हणाले.

आप्पांना खरंच एक मोडी कागद मिळाला. पूर्वज गावच्या खळ्यावर राखणदार होता. एका रात्री त्याला झोप लागली, बैलांनी रास खाल्ली आणि पंचांनी त्याला दंड केला. एवढाच पराक्रम.

आप्पांनी भीत भीत वाचून दाखवलं. शेठनी कागद उलटसुलट करून बघितला. मग एकदम खुलले. आज त्या कमानीवर सोनेरी अक्षरात लिहिलंय, 'पूर्वापार संरक्षण खात्यात'!

*

कारेगावच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांतली एक जोडी. लग्न करायचं होतं. अडचण एवढीच, की दोघांचं आडनाव एक. पोरीचे वडील म्हणायचे, "नक्की भाऊकी असणार. म्हंजी बहीण-भाऊ झालात की रं!"

दोघं येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेनात. आप्पांनी दोन्ही गावांचे कागद काढले, देवक विचारलं, कुलदैवत विचारलं. कित्येक दिवस शोधलं आणि शेवटी चष्मा काढून खेदानं म्हणाले, "लई बघितलं. तुमचा एकमेकांशी काहीच संबंध लागत नाही."

पोरगी रडायलाच लागली. पोरगा जिना उतरून पळाला, तो पेढे घेऊनच वर आला.

आप्पा पेढा खाताना मला म्हणाले, "जन्मभर लोकांचे संबंध लावले. संबंध न लागल्याचा पेढा पहिल्यांदा खातोय."

*

आता दौंडचं सांगतो. हा किस्सा जरा लांब आहे.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आम्ही एकदा टेबल टाकून बसलो होतो. जो येईल त्याला विचारायचं, मूळ गाव कुठलं? तिथं तात्या आले. रेल्वेतून रिटायर झालेले, डोक्यावर टोपी, बरोबर गोदाकाकू.

"मूळ गाव?" तात्या म्हणाले, "आजा हितं गाडी बदलायला उतरला व्हता. ती बदलायची राह्यलीय अजून."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "थट्टा कसली करता? आप्पा, ह्यांला भाऊकीच न्हाई. लेकाच्या लग्नात भाऊकीच्या जागी शेजारी उभा केला."

आप्पांनी ते मनावर घेतलं. वर्षभर खपले. शेवटी कागदाला कागद लागला. तात्यांचा आजा मूळचा कवठे येमाईचा. तिथले दिनकरमामा आणि तात्या, दोघांचा खापरपणजा एकच!

आमच्याकडं एक पद्धत आहे. खोलीच्या भिंतीवर मोठा बोर्ड आहे. ज्या घराण्याचं काम चालू असेल, त्यातल्या एकेका माणसाच्या नावाचं कार्ड टाचणीनं तिथं लावायचं. पुरावा मिळाल्याशिवाय आप्पा टाचणी मारत नाहीत आणि एकदा मारली की काढत नाहीत. तात्यांचं कार्ड लागलं, त्या दिवशी ते आणि काकू मुद्दाम शिरूरला आले. तात्यांनी बोर्डासमोर टोपी काढली. मला म्हणाले, "अक्षर झ्याक हाय रं."

दिनकरमामाही मोठ्या मनाचे. त्यांच्या रूपालीचं लग्न ठरलं, तेव्हा पहिल्या पत्रिकांतली एक दौंडला गेली. काकूंनी फोनवर सांगितलं, "देव्हाऱ्यात ठेवलीय त्यांनी. रोज हळदकुंकू वाहत्यात."

आणि लग्नाच्याच आठवड्यात तात्या गेले. झोपेतच.

दुसऱ्या दिवशी दिनकरमामा आमच्या खोलीत. मागं रूपाली, डोळे सुजलेले. भाऊकीतलं माणूस गेलं म्हणजे सूतक आलं आणि सूतकात लग्न लागत नाही. गावातल्या जाणत्यांनी सांगून टाकलं होतं, "एरवी आंघोळीवर भागवलं असतं. पर आता शिरूरच्या भिंतीवर नाव हाय. सूतक धरावंच लागंल." नवरदेव फौजेत, सुट्टी संपत आलेली. रविवारचा मुहूर्त हुकला की पुढच्या सुट्टीची वाट बघायची. मुलाकडचे तेवढं थांबतील का, हे कुणीच बोलत नव्हतं.

"आप्पा, चूक झाली आसंल की वो," मामा म्हणाले. "एवढंच म्हणा. कागद वाचताना चुकलं म्हणा."

आप्पा बोर्डाकडं बघत राहिले. "चुकलं नाही, दिनकरराव. कसं म्हणू?"

बाई कधी चिडत नाहीत. त्या दिवशी चिडल्या. "वर्षभरापूर्वी ह्या माणसाचं सूतक कवठ्यात कुणी धरलं नसतं. आपणच जोडलं, आप्पा! आपणच."

मामा रूपालीला घेऊन खाली उतरले.

शनिवारी सकाळी मी झाडू मारत होतो, तर जिन्यावर पावलं वाजली. गोदाकाकू! कपाळ मोकळं. मागं त्यांचा मुलगा, डोक्याचं मुंडण केलेला, शरमून उभा. घरात दुःख असताना बाई अशी बाहेर पडत नाही. बाईंनी पटकन खुर्ची पुढं सरकवली.

"आत येत न्हाई मी. मला सूतक हाय," काकू दारातूनच म्हणाल्या. "आप्पा, ह्यांचं नाव तेवढं उद्याच्याला काढून ठेवा. परवा परत लावा."

आप्पा गडबडले. "काकू, असं कसं काढता येईल? पुरावा आहे त्याला."

"पुरावा राहू द्या की जाग्यावर. नाव तेवढं काढा."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांला सांगा, तिनं सोता येऊन काढाय लावलं. सूतक माझ्या घरचं हाय. कुणाच्या दारात धाडायचं आन् कुणाच्या न्हाई, ते मी ठरवीन." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सारा जनम भाऊकी न्हाई म्हणून हळहळले. आता मिळाली, तर तिच्या पोरीचं लगीन ह्यांच्या नावानं मोडू देऊ व्हय?"

आप्पा उठले. बोर्डापाशी गेले. टाचणी लवकर निघेना. निघाली. काकूंनी ती जागा रिकामी झालेली नीट बघून घेतली आणि मुलाचा हात धरून जिना उतरल्या. बाईंनी लगेच कवठ्याला फोन लावला.

रविवारी लग्न लागलं. मांडव गच्च भरला होता. आम्ही तिघंही गेलो. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. अक्षता टाकून झाल्यावर पंगतीत बसलो, तर बाईंचं लक्ष आप्पांच्या खिशाकडं गेलं. खिशातून कार्ड डोकावत होतं. माझ्या अक्षरातलं, तात्यांचं.

"अहो आप्पा!" बाई हळूच म्हणाल्या. "ते लायब्ररीत ठेवायचं ना! इथं कशाला आणलंत?"

आप्पांनी वाढप्याला हात करून जिलबी घेतली.

"पत्रिका त्यांना होती, बाई," ते म्हणाले. "मी नुसता त्यांच्यासंगं आलोय."