आल्यावर म्हणायचा शब्द

“परीक्षा नाई ना याची? मंग चुकू द्या!”

हे वाक्य मॅडम इतक्यांदा म्हणायच्या की आमच्या बसच्या कंडक्टरलाही ते पाठ झालं होतं. एखाद्या फाट्यावर त्यानं घंटी आधीच मारली आणि गाडीत आरडाओरडा झाला की तो मागे वळून मॅडमकडे बघायचा आणि तेच म्हणायचा. सगळी बस हसायची. मॅडम सगळ्यात मोठ्यानं हसायच्या.

आम्ही दोघी धाडच्या एका शाळेत शिकवायचो. त्या गणित, मी मराठी. राहायला दोघी बुलडाण्यात, त्यामुळे रोजचं अपडाऊन. अपडाऊन करणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. कोणी झोपतं, कोणी भाजी निवडतं, कोणी सासूबद्दल बोलतं. मॅडम खिडकीतून आत रुमाल टाकून दोन जागा धरायच्या, एक त्यांना आणि एक मला. मग बसायच्या, पर्समधून फल्लीदाण्यांची पुडी काढायच्या, मोबाईल काढायच्या आणि जपानला निघायच्या.

बुलडाण्याहून देऊळघाटपर्यंत जपानी, देऊळघाटच्या पुढे स्पॅनिश, धाड जवळ आलं की जर्मन. येताना अरबी, कंटाळा आला तर पुन्हा जपानी. कानात काही घातलं की त्यांचे कान दुखायचे, म्हणून मोबाईलमधली ती बाई सगळ्या बसला ऐकू येईल अशी बोलायची आणि मॅडम तिच्यामागून बोलायच्या. बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. अशा गर्दीत कोणाच्या तरी टोपलीआडून मॅडमचा आवाज यायचा, “आग्वा, पोर फावोर!” पाणी द्या, कृपा करून. एका म्हातारीनं खरंच पिशवीतून बाटली काढून दिली होती, कारण पाणी मागणाऱ्याचा सूर कोणत्याही भाषेत ओळखू येतो म्हणे. मॅडम ते पाणी प्यायल्या आणि त्यांनी तिचे आभार मानले, तेही स्पॅनिशमध्ये.

“अर्ध्या तिकिटात पूर्ण जग फिरून राह्यल्या मॅडम,” कंडक्टर म्हणायचा.

भाषा त्यांना चांगल्या यायच्या असं मात्र कोणी समजू नये. एकही धड येत नव्हती. जपानीत सुरू केलेलं वाक्य जर्मनमध्ये संपायचं. उच्चार तर असे की मोबाईलमधली बाई पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लावायची, आणि मॅडम तिलाच दटावायच्या, “किती वेळा म्हणू माय? झालं न आता!” पुढचा धडा यायचा, मागचा पुसला जायचा. वर्षानुवर्षं त्या सगळ्या भाषांच्या पहिलीतच बसून होत्या.

एकदा मी विचारलं, “मॅडम, काऊन करता हे? फॉरेनले जायचं हाय का?”

“मले?” त्या म्हणाल्या. “मी अजून नागपूर नाई पाह्यलं नीट.” मग दाणे चावत जरा थांबल्या. “इतकी वर्षं पोरायच्या चुका लाल पेनानं गोल केल्या. आता वाटते, आपण बी जरा मनमोकळं चुकून पाहावं.”

ऑफ तासाला त्यांनी नववीच्या मुलींना स्पॅनिशमध्ये दहापर्यंत आकडे शिकवले. मग खो-खोच्या मैदानावर गडी मोजणं स्पॅनिशमध्ये सुरू झालं. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, “मॅडम, विषय गणित हाय न तुमचा?” मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, “सर, एक ते दहाच शिकवलं. गणितच हाय ते.”

या सगळ्या खटाटोपात त्यांना मनापासून आवडलेला शब्द एकच होता. एक दिवस संध्याकाळच्या गाडीत तो धडा आला आणि त्यांनी मोबाईल चक्क बंद केला.

“ऐका,” त्या मला म्हणाल्या. “जपानी माणूस घरी आला का दारातून म्हणते, तादाइमा. म्हणजे, आलो बरं का मी. अन् घरात जो असंन, तो म्हणते, ओकाएरी. म्हणजे, या, आलात का. रोज. न चुकता.” 

“मंग?”

“मंग काय? आपल्याकडे पाहा. जाताना ‘येतो’ म्हणतो आपण, ‘जातो’ म्हणत नाई. इतकं जपतो. पण आल्यावर? आल्यावर म्हणायले आपल्याकडे काईच नाई. चपला काढायच्या अन् सैपाकघरात जायचं.”

मराठी शिकवणारी मी होते, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आमचा रिवाज पडला. संध्याकाळची गाडी बुलडाण्याच्या स्टँडमध्ये वळली की मॅडम म्हणायच्या, “तादाइमा!” मी म्हणायचे, “ओकाएरी.” पुढे पुढे रोज मागच्या सीटवर बसणारे तलाठीभाऊ म्हणायला लागले, मग कंडक्टर. कोणाला अर्थ माहीत होता, कोणाला नव्हता. 

“घरी म्हणता का हो?” मी एकदा सहज विचारलं.

त्या खाली उतरता उतरता म्हणाल्या, “पयल्या दिवशी म्हटलं. आमचे हे टीव्ही पाहत होते. म्हणाले, चहा ठेव.” आणि हसल्या. पण ते बसमधलं हसणं नव्हतं. ते मला आजही आठवतं आणि नको वाटतं.

त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. वाईट माणूस नाही. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. फक्त घरात कोणाशी बोलावं लागतं हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं. लेक लग्न होऊन पुण्याला गेली, आणि घरात टीव्ही तेवढा बोलत राहिला.

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडली त्या आठवड्यात मॅडमना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यात मी भेटून आले तेव्हा त्या नुसत्या छताकडे बघत होत्या. मी हात धरला, तो हातात मेणासारखा पडून राहिला. मग त्यांना घरी आणलं. लेक रजा संपल्यावर परत गेली आणि देखभालीला सुलतानपूरहून नणंद आली.

काही दिवसांनी साहेबांचा, म्हणजे मॅडमच्या यजमानांचा, मला फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, “मॅडम, येऊन जाता का? ती बोलून राह्यली. पण ते... ते काई आपलं नाई.”

शाळा सुटल्यावर मी थेट त्यांच्या घरी गेले. दिवेलागणीची वेळ होती. दारावर लिंबू-मिरची ताजी बांधलेली. आत मिरच्या जाळल्याचा ठसका. नणंदबाईंनी मला ओट्यावरच थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं, “दिवसभर गप असते. दिवा लावला का सुरू होते. आवाज तिचा, पण बोली दुसऱ्याचीच. आपली बोली एक अक्षर नाई. बाहेरचं हाय हे, पक्कं. अवसेले सैलानीच्या दर्ग्यावर नेतो आम्ही, जीप सांगून ठेवली.”

मी त्यांना नावं ठेवत नाही. आमच्या भागात अंगात आलेल्या माणसाची पहिली खूण हीच मानतात, की तो दुसऱ्याच बोलीत बोलायला लागतो. त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं तेच समोर घडत होतं. खरं सांगायचं तर आत गेल्यावर त्या धुरात, त्या अर्धवट उजेडात माझ्याही अंगावर काटा आला. पलंगावर मॅडम भिंतीला टेकवून बसवलेल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे दाराकडे. ओठ हलले, आणि जड, चिकट जिभेनं त्यांनी एक शब्द उच्चारला. थोडं थांबल्या. पुन्हा तोच. पुन्हा थांबल्या.

“पाहा,” नणंदबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. “रोज हेच. उत्तर मागते ते. आम्ही कोणी तोंडातून शब्द काढत नाई. उत्तर देलं का ते धरते माणसाले.”

मॅडम पुन्हा म्हणाल्या, “तादाइमा.”

मला तेव्हा कळलं की इतके दिवस, रोज संध्याकाळी, ही बाई घरी आल्याचं सांगत होती आणि भरल्या घरातली माणसं ओठ घट्ट मिटून तिच्यासमोर उभी होती.

मी पुढे झाले. नणंदबाईंनी माझा दंड धरला, तो मी सोडवला. “ओकाएरी,” मी म्हणाले. “ओकाएरी, मॅडम.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगल्या बाजूचा डोळा भरून आला. मग त्यांनी मान भिंतीला टेकवली आणि खूप लांबून चालत आल्यावर सोडावा तसा श्वास सोडला. त्यानंतर पुटपुटल्या, “आग्वा... पोर फावोर.”

“पाणी मागून राह्यल्या,” मी म्हणाले, आणि पलंगाजवळचा गडवा उचलला. त्या भराभरा प्यायल्या, अर्धं अंगावर सांडलं.

साहेब कोपऱ्यात उभे होते. “ते पयलं,” त्यांनी विचारलं, “ते काय म्हणत होती ती? मले वाटते, मी ऐकलं हाय ते. मागं कधी तरी.”

“घरी आले, म्हणतात.”

“अन् तुम्ही?”

“या, म्हटलं. आलात का.”

साहेब पलंगाच्या कडेला बसले. मॅडमच्या अंगावर सांडलेलं पाणी रुमालानं टिपलं. मग बहिणीला म्हणाले, “जीपवाल्याले नाई म्हणून सांग. कुठं नाई जायचं.”

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं होतं कधीकधी, आधीचं बोलणं हरवतं आणि मागून शिकलेलं हाती लागतं. मला ते पटलं. पण संध्याकाळचं ते घर आठवलं की तेवढं कारण पुरेसं वाटत नाही.

मी रोज जायला लागले. मोबाईल मॅडमच्या अंगठ्यानंच उघडायचा. साहेब त्यांचा तो निर्जीव अंगठा अलगद उचलून त्यावर टेकवायचे आणि चष्मा लावून धडा सुरू करायचे. खात्यात धरणाच्या पाण्याच्या सूचना वाचाव्यात अशा आवाजात ते जपानी वाचायचे. मॅडम जर्मनमध्ये काही म्हणाल्या तर ते उत्तर स्पॅनिशमध्ये द्यायचे. मॅडमच्या तोंडाची चांगली बाजू हसायची. एकदा साहेबांनी कावरेबावरे होऊन मला विचारलं, “चुकलं का माझं?”

मी म्हणाले, “चुकू द्या साहेब. परीक्षा नाई याची.”

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. हे वाक्य कोणाचं, ते त्यांना माहीतच नव्हतं. पण मॅडम इतक्या हसल्या की त्यांना कळलं असावं.

दिवेलागणीला टीव्ही बंद असायचा. मॅडम म्हणायच्या आणि साहेब उत्तर द्यायचे. मी मग उत्तर देणं सोडून दिलं, माझं काम उरलं नव्हतं. मराठीचा एक शब्दही मॅडमच्या तोंडून परत आला नाही. थंडी सरता सरता दुसरा झटका आला आणि त्या गेल्या.

तेराव्याला साहेबांनी मला बाजूला घेतलं. “गेली त्या दिवशी सकाळीच म्हणाली,” ते म्हणाले. “संध्याकाळी म्हणायचं ते सकाळीच. मी म्हटलं, अवो, आत्ता कुठून आलीस तू, अजून धाडची गाडी बी नाई गेली. पण उत्तर देलं मी. देलं बरं का. दोनदा देलं.” आणि माझ्याकडे असे बघत राहिले की दोनदा पुरलं का, हे मीच सांगायला हवं.

गाडीत आता मी खिडकीपाशी बसते. कोणासाठी जागा धरायची नाही, तरी माझा रुमाल दोन सीटांवर पसरतो आणि मग मी तो गोळा करते. संध्याकाळी बस स्टँडमध्ये वळते तेव्हा क्षणभर सगळी गाडी गप्प होते. कंडक्टर तिकिटाच्या मशीनकडे बघत राहतो. माझे ओठ आपोआप हलतात, आणि आधी कोणीतरी ‘तादाइमा’ म्हणेल याची मी वाट बघते.

मागच्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी त्यांच्या घरी गेले. फाटक ढकललं तेव्हा अंधारून आलं होतं. घरात दिवा लागला होता, टीव्ही बंद होता. साहेब दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या मांडीवर मॅडमचा मोबाईल होता. तो आता कोणाच्याच अंगठ्यानं उघडत नाही, पण ते तो रोज चार्ज करतात. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले,

“ओकाएरी.”

मी थबकले. मग लक्षात आलं, साहेब माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या मागे, उघड्या राहिलेल्या फाटकाकडे बघत होते.

“लावू का फाटक?” मी विचारलं.

“थांबा जरा,” साहेब म्हणाले. “येऊ द्या तिले आत.”