सीट धरणारे हात

परवा स्वारगेटच्या सिग्नलला एका बसच्या जळक्या ब्रेकचा वास आला आणि घाटातला तो उतार आठवला.

घाटातली दोन दिवसांची सायकल शर्यत होती. पहिल्या दिवशी उतारावर चाक घसरून मी कठड्यावर आदळलो. आम्हाला शर्यतीसाठी तयार करणाऱ्या सरांनीच धावत येऊन उचललं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उतार. प्रत्येकाची वेळ वेगळी मोजायची म्हणून एकेकाला सोडत होते. माझे दोन्ही पाय पेडलला अडकवलेले, आणि तोल जाऊ नये म्हणून मागून सीट धरून सर उलटे आकडे मोजत होते. सीट थरथरत होती. आपण इतके भ्यायलोय, याची मला लाज वाटली.

"सर, सोडू नका."

"मग काय, डबलसीट जायचं का?" म्हणत त्यांनी सोडलं.

किती कोरडा माणूस, असं तेव्हा वाटलं होतं.

आता त्याच घाटात नवख्यांच्या सीट मी धरतो. सीट तशीच थरथरते आणि पोरं ओशाळतात. थरथरतात ते माझे हात, हे मी कुणाला सांगत नाही.