सौंसरच्या पट्टीत

१९८४च्या जूनमध्ये मी मध्य प्रदेशातले, नागपूरच्या वरचे सौंसर सोडले. सकाळच्या बसने नागपूर, तेथून रेल्वेने पुणे. पुण्याच्या एका मराठी दैनिकात उपसंपादकाची जागा मिळाली होती. बसस्टँडवर वडील आणि मोठा भाऊ श्रीधर आले होते. वडील एवढेच म्हणाले, “जिथं राहशीन तिथं नीट राहजो.” श्रीधरभाऊ प्राथमिक शाळेत मास्तर होता आणि गावातल्या हौशी ऑर्केस्ट्राचा प्रमुख. बस सुटताना तो खिडकीशी आला. “नव्या कॅसेटा निघाल्या की पाठवत जाजो. इथं येतेपर्यंत गाणं म्हातारं होते.”

दैनिकात माझ्याकडे नव्या कॅसेटींचे सदर आले. चित्रपटगीते, गझला, भावगीते, भक्तिगीते, लावण्या, डिस्को, सगळेच त्यात असे. शेजारच्या चौकटीत एखाद्या कलावंताला त्याचे आवडते गाणे विचारायचे. स्टुडिओतले वादक स्वतः वाजवलेले गाणे क्वचितच सांगत. एका व्हायोलिनवादकाने कुठलेसे जुने भजन सांगितले, एका ढोलकीवादकाने गझल. सुटीत घरी गेल्यावर मी भाऊलाही तोच प्रश्न विचारला. पेटीचा भाता न थांबवता तो म्हणाला, “जे अजून बसलं नाही थे.”

पुण्यात ‘काय करून राहिला’ म्हटले की टेबलापलीकडचे हसत. वर्षभरात ‘काय करतोयस’ तोंडात बसले. सौंसरला गेलो की भाऊ दारातच म्हणे, “आले पुणेकर. चहा घेतोयस का?” गाव सोडून गेलेल्या प्रत्येकाला हे दोन्हीकडचे हसू ठाऊक असेल.

लिहून झाले की कॅसेट पोस्टाने सौंसरला जाई. ऑर्केस्ट्रात सहा जण होते. पेटीवर भाऊ, गायला कुसुमवहिनी. मास्तराची बायको स्टेजवर गाते याची गावात आधी चर्चा झाली, मग सवय झाली. स्वरलिपी कोणालाच येत नव्हती. कॅसेट लावायची, एक ओळ ऐकायची, बंद करायची, वाजवायची, पुन्हा लावायची. तबलजी ठेका उचले, भाऊ व्हायोलिनचे तुकडे पेटीवर उतरवून घेई, वहिनी शब्द आणि हरकती. तिसऱ्या दिवशी गाणे उभे राहायचे. पुण्यात मी तयारीचे वादक पुष्कळ पाहिले. कानाने इतके घेणारी माणसे कमी पाहिली.

१९८६च्या गणेशोत्सवाआधी शेजारच्या पांढुर्ण्याच्या एका मंडळाने भाऊला अट घातली. त्या महिन्यात निघालेल्या एका कॅसेटमधले गाणे मंडळाच्या पोरांनी नागपूरच्या दुकानांतून ऐकले होते. ते झाले पाहिजे, नाही तर पुढच्या वर्षीपासून नागपूरची पार्टी येईल. त्या मंडळासमोर भाऊ आठ वर्षे वाजवत होता. सौंसरला ते गाणे अजून पोचले नव्हते. मी कॅसेट पाठवली आणि रजा काढून कार्यक्रमाला थेट पांढुर्ण्याला पोचलो.

वहिनींनी पहिली ओळ घेतली आणि काहीतरी चुकले आहे हे मला समजले. मूळ गाणे चपळ होते, बारीक आवाजातले, काळी दोनच्या पट्टीत. वहिनी एक स्वर खाली, काळी एकमध्ये गात होत्या आणि लयही तितकीच खाली होती. मागच्या कोपऱ्यातून एक पोरगा ओरडला, “ओ मास्तर, सेल उतरले का तुमचे?” मांडवभर हसू पसरले. पुढच्या रांगेतले मंडळाचे अध्यक्ष मान खाली घालून बसले.

पोराने थट्टा केली होती, पण झाले तेच होते. तालमीच्या आठवड्यात सौंसरची वीज रोज संध्याकाळी जात होती. टेपरेकॉर्डर सेलवर चालला. नवे सेल बाजारात संपले होते, म्हणून जुनेच पत्र्यावर उन्हात तापवून पुन्हा घातले गेले. टेप हळू फिरली. गाणे खाली उतरले आणि सहाही जणांनी ते उतरलेलेच बसवले. तो सूर पेटीच्या कुठल्याच पट्टीत नीट बसेना, तेव्हा भाऊने जवळची काळी एक धरली.

हसू चालू असताना भाऊने पेटी थांबवली नाही. वहिनींनी लयही वाढवली नाही. अंतरा आला. मूळ गायिका ज्या जागा झरझर पार करून जाते, तिथे वहिनी थांबल्या. एकेक शब्द ऐकू आला. वरचा सूर त्यांनी लावला आणि धरून ठेवला. मांडव शांत झाला. दुसऱ्या अंतऱ्यानंतर ‘वन्स मोअर’ आला. आवाज त्याच कोपऱ्यातून आला होता.

गाणे दोनदा झाले. कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागे मी भाऊला मूळ पट्टी सांगितली.

“म्हंजे थे बाई बारीक आवाजाची हाय?” भाऊ म्हणाला. “आम्ही म्हटलं, नवी दिसते, आवाज जड हाय.”

“बरंच झालं, भाऊजी,” वहिनी मला म्हणाल्या. “तिच्या पट्टीत मले जमलंच नसतं.”

तेवढ्यात अध्यक्ष आले. “मास्तर, नागपूरवाले लई पळवतात गाणं. पुढच्या वर्षी असंच सावकाश येऊ द्या.”

नागपूरची पार्टी आली नाही. कॅसेटी गेल्या, दैनिकातले ते सदरही बंद झाले. मूळ गाणे पुण्यात कधी कानावर पडते. नीट आहे, उत्तम वाजवले आहे. मला ते घाईत वाटते. वडील गेल्यावर शेताची वाटणी झाली, माझा वाटा मी भाऊला दिला आणि सौंसरला माझ्या नावावर काही राहिले नाही. चाळीस वर्षे पुण्यात काढली. तरी गाव कुठले, असे कोणी विचारले की मी सौंसर सांगतो.

पांढुर्णा आता स्वतःच जिल्हा आहे. गेल्या गणेशोत्सवात त्याच मंडळाने भाऊ-वहिनींना बोलावले. वहिनी खुर्चीवर बसून तेच गाणे त्याच सावकाश लयीत गायल्या, भाऊ पेटीवर होता. तबल्यावर तबलजीचा नातू होता. मी पुण्याहून गेलो होतो. पहिल्या रांगेत बसायला जागा मिळाली.