तळहातावरची प्रतिज्ञा

पंजा मास्तर हे नाव मुलांनी ठेवलेलं होतं, आणि नाव ठेवण्यात मुलं सहसा चुकत नाहीत. कवायतीच्या या मास्तरांचा उजवा हात फावड्याएवढा होता आणि त्या हाताने त्यांनी दोन पिढ्यांच्या कानाखाली जाळ काढला होता. आधी बापाने खाल्ली, मग त्याच्या पोराने खाल्ली. वर बापच म्हणायचा, "मास्तरांनी मारलं म्हणून मी माणूस झालो." तो कितपत माणूस झाला, हे त्याच्या बायकोला विचारावं.

मास्तर स्वतःही असेच माणूस झाले होते. लहानपणी प्रतिज्ञेत आवाज लागत नाही म्हणून त्यांच्या गुरुजींनी डाव्या कानावर अशी एक ठेवून दिली की सदऱ्याच्या कॉलरवर रक्त उतरलं. घरी बापाने विचारलं, काय केलंस, आणि उत्तराची वाट न पाहता दुसरी दिली. तो कान तेव्हा जो मिटला तो मिटलाच. चाळिशीनंतर उजव्यानेही हळूहळू दगा दिला. हे फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं. जेवायला बोलवायचं तर ती फरशीवर पाय आपटायची. शाळेत त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, कारण बहिऱ्या मास्तराला कोण ठेवून घेणार? आणि कवायतीला कान लागतात कशाला? शिट्टी त्यांची, हुकूम त्यांचा, ऐकायचं काम दुसऱ्यांचं.

अडचण एकच होती, सकाळची प्रतिज्ञा. मैदानात सगळी शाळा रांगेत उभी राहायची. मुख्याध्यापिका लाउडस्पीकरवर एकेक ओळ म्हणायच्या आणि मुलं उजवा हात समोर ताठ धरून ती ओळ पुन्हा म्हणायची. "या देशातली सगळी माणसं माझी आहेत" इथून सुरुवात, आणि "मी कुणाला दुखावणार नाही" ही शेवटची ओळ. मास्तर "हात खाली" म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. खांदे भरून येवोत की डोळ्यांत पाणी येवो.

पाचवीचा वर्ग मास्तरांचा. कोण म्हणतंय आणि कोण नुसतं उभं आहे हे कळावं म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. रांगेतून फिरायचं आणि प्रत्येक तोंडापुढे तळहात धरायचा. श्वास लागला तर पुढे जायचं, नाही लागला तर तोच हात उचलायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, काय शिस्त आहे! मास्तरांनाही तसंच वाटायचं. प्रतिज्ञेवर त्यांचा खरोखर विश्वास होता.

वर्गात एक अगदी हळू बोलणारी मुलगी होती. मुलं तिला मुकी म्हणायची. तिची आई लाँड्रीत इस्त्री करायची, घरात दोघीच. एका सकाळी मास्तरांनी तिच्या तोंडापुढे तळहात धरला. ओठ हलत होते, पण हाताला काही लागेना. ही नुसते ओठ हलवते, म्हणजे मला फसवते! त्यांनी सगळा खांदा मागे नेऊन मारली. मुलगी शेजारच्या दोघींना घेऊन खाली आपटली. उठली तेव्हा डाव्या कानातून रक्त येऊन कॉलर भिजत होती. मास्तरांनी ती कॉलर पाहिली. 'मलाही असंच झालं होतं, मी काय मेलो?' असं मनात म्हणून ते पुढच्या तोंडाकडे वळले.

दुपारी तिची आई फाटकातून आली ती तडक मैदानात. इस्त्री उचलून उचलून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते. तिने मास्तरांच्या गळ्यातली शिट्टीची दोरी धरली आणि पिळत गेली. मास्तरांचे डोळे पांढरे झाले. दोन शिपायांनी तिला ओढलं, तेव्हा तिने एकाच्या मनगटाचा चावा घेतला. ती काय ओरडत होती ते सगळ्या मैदानाने ऐकलं, मास्तर सोडून.

आता खरं तर बोलायला हवं होतं ते पोरीच्या कानाबद्दल. पण शाळा समितीचे अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक होते आणि साध्या गोष्टीचा ओंडका करायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, मुलगी प्रतिज्ञा म्हणत नाही हा देशाचा अपमान, आईने मास्तरांवर हात टाकला हा शाळेचा अपमान, मुलीला काढून टाका. त्यासाठी त्यांनी पालकांची सभा बोलावली. त्याच संध्याकाळी दोघींच्या खिडकीवर दगड पडले. लाँड्रीच्या मालकाने आईला सांगितलं, "चार दिवस येऊ नकोस, बाई. माझ्या काचा महाग आहेत."

मास्तरांच्या घरी बायकोने त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"तुम्हाला ऐकू तरी येतं का? ती म्हणत होती की नव्हती, तुम्हाला काय माहीत?"

"हाताला लागतं."

"मग सांगा तसं सभेत. मी बहिरा आहे, मला माहीत नाही, म्हणावं. पोरीची शाळा वाचेल."

"आणि आपण खायचं काय?"

बायकोने हनुवटी सोडली आणि ताट न वाढताच ती आत निघून गेली.

सभेला हॉल भरला होता. मुलांनी प्रतिज्ञा म्हणावी की म्हणू नये यावर आधी तासभर रण माजलं. एक बाप म्हणाला, "बळजबरीने म्हटलेली शपथ कसली? उचलली जीभ लावली टाळ्याला." त्यावर दुसऱ्याने त्याची गचांडी धरली आणि दोन खुर्च्या मोडल्या. मग अध्यक्षांनी मास्तरांना विचारलं, "मास्तर, ती म्हणत नव्हती ना?"

मास्तरांनी त्यांच्या ओठांवरून प्रश्न ओळखला. समोर मुकी बसली होती, कानावर मोठी पट्टी. एका शब्दात काम होतं.

"नव्हती," ते म्हणाले.

आई उठली. "मग आत्ता म्हणू दे तिला. सगळ्यांसमोर."

"सगळा वर्गच म्हणू दे," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे फरक कळेल."

पाचवीचा वर्ग रांगेत उभा राहिला. हात समोर ताठ झाले. लाउडस्पीकर नव्हता, पुढची ओळ सांगायला कुणी नव्हतं, बाकीची शाळा नव्हती. पहिली ओळ दणक्यात झाली. दुसरी अर्ध्यांनी म्हटली. तिसरी कुणाला येतच नव्हती. तोवर मास्तर सवयीने तळहात धरून रांगेतून निघाले होते. मुलांनीही सवयीने केलं ते रोजचंच. तळहात आला की त्यावर जोरात फुंकर मारायची. फू. फू. फू. लाउडस्पीकरच्या दणदणाटाखाली हे कुणाला कळलं नव्हतं. मास्तर बहिरे आहेत हे मात्र मुलांना कधीच कळलेलं होतं.

लोक कान देऊन ऐकू लागले. त्या फुंकरींमध्ये एकच बारीक आवाज ओळीमागून ओळ अचूक म्हणत होता, आणि तो मुकीचा होता. मास्तर समाधानाने एकेक श्वास मोजत तिच्यापर्यंत आले, हात धरला, काही लागलं नाही. त्यांनी विजयाने लोकांकडे पाहिलं. लोक त्यांच्याकडे नव्हे, मुलांच्या फुगलेल्या गालांकडे बघत होते. आपण चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, हे त्यांना तिथे, त्या चेहऱ्यांवरून कळलं.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. फार उशिरा म्हणाले.

आई पोचली आणि तिने मारली. ओठ फाटला, मास्तर खुर्च्यांवर कोसळले. ती एकदाच मारून थांबली. थांबले नाहीत ते बाकीचे. "आमच्या पोरांना खोटं शिकवतोस?" म्हणत पहिली लाथ वखारवाल्या अध्यक्षांनी घातली. मास्तरांच्या हातून माणूस झालेले बाप मग धावून आले. कुणी पोटात बूट मारला, कुणी मोडक्या खुर्चीचा पाय उजव्या पंजावर घातला. बोटं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शेजारी त्याच सगळ्यांची मुलं रांगेत उभी होती.

जमिनीवरून मास्तरांना ती रांग दिसली. सगळे हात अजून समोर ताठ होते. कोपरं थरथरत होती, दोघं-तिघं रडत होते, पण एकही हात खाली आला नव्हता. त्यांनी हुकूमच दिला नव्हता.

"हात खाली," ते रक्ताच्या तोंडाने म्हणाले. बरगड्यांत लाथ बसली. त्यांनी उरलेला सगळा दम लावला. "पोरांनो, हात खाली."

मुलांनी ऐकलं. हात एकेक करून खाली आले. मुकीचा सगळ्यांत शेवटी आला, कारण तिची शेवटची ओळ म्हणायची राहिली होती.