सूर्यावर वादळ असलं की

आज सकाळी ह्यांचे मित्र चेंबूरहून मुलुंडला आमच्याकडे आले होते. ह्यांचा हॅम रेडिओचा सेट मी त्यांना देणार होते. हे जाऊन आठ महिने झाले.

त्यांनी सेट लावून पाहिला. नुसती खरखर.

"बिघडला का हो, भावोजी?"

"नाही वहिनी, सूर्यावर मोठं वादळ झालंय. लांबचे आवाज पोहोचतच नाहीत. आज आमची सगळ्यांचीच वाट लागलीये." मग हसले. "अशा दिवशी हा करायचा काय? आम्हाला तर त्याचा साधा फोनही नसायचा."

"माझ्यासमोर बसून गवार मोडायचे," मी म्हटलं.

एरवी सुट्टीभर हे हेडफोन लावून ह्या सेटवरून परदेशातल्या अनोळखी माणसांशी बोलायचे. सूर्यावर वादळ असलं की स्वयंपाकघरात यायचे आणि माझ्याशी बोलायचे. असे दिवस वर्षातून मोजकेच यायचे.

भावोजी सेट घेऊन गेले. त्याचं फार वाईट वाटलं नाही. मला ते वादळाचे दिवस परत हवे आहेत.

हे समोरून लवकर उठू नयेत म्हणून मी गवार मुद्दाम सावकाश मोडायचे. त्यांना हे कधी सांगितलं नाही.

तुमचंही कुणाला असं काही सांगायचं राहिलंय का?