शांताआत्यानं कोरलेली कमल

शांताआत्या आज सकाळी गेली. ती प्रेमळ बाई नव्हती.

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून "मायेची सावली हरपली" चालू आहे. म्हणून मी हे लिहून राहिले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको घरात आणली आणि काही दिवसांनी तिला टाकलं. तेव्हापासून ती अमरावतीला आमच्याकडे. साठच्या दशकातली गोष्ट.

धुणं, भांडी, दळण, सगळं तिच्याच अंगावर.

दुपारी मात्र ती मागच्या अंगणात चाकू घेऊन बसायची.

शेजारी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणारा सुतार होता. त्याच्याकडचे उरलेले तुकडे आणायची आणि माणसं कोरायची. वीतभर उंचीची. जो जे लपवायचा, नेमकं तेच मोठं करायची.

माझ्या आईची बाहुली केली, कमरेवर हात ठेवून ओरडणारी. तोंडात अख्खा आवळा मावावा.

गल्लीतले हेडमास्तर केले, बायकोपुढे कान धरून उभे. अख्खी गल्ली पाहून गेली. हेडमास्तर महिनाभर मागच्या बोळीनं शाळेत गेले.

मला फार मजा वाटायची. माझी अजून केली नव्हती ना.

मग एक दिवस तिचा नवरा अकोल्याहून आला. दुसरी बायको, कमल, क्षयानं अंथरुणाला खिळलेली. पोरगी दोन वर्षांची. घरात करणारं कोणी नाही.

फळीवरची माणसं पाहून तो हसला. "आमचा नाही केला काय?"

आत्यानं त्याच्यापुढे चहा ठेवला. "तुमचं तोंडच ध्यानात नाही राह्यलं."

त्यानं तो चहा घेतला नाही.

माझे वडील खाली पाहत म्हणाले, "अक्का, जाय आता. तुयं घर हाय ते."

तुला जायचं आहे का, हे तिला कोणी विचारलं नाही. तिनं दोन लुगडी आणि चाकू पिशवीत टाकला.

त्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या मदतीला मला अकोल्याला पाठवलं. मी बारा वर्षांची.

कमलच्या खाटेसमोर खिडकी होती. खिडकीत लाकडाची कमल.

गाल आत गेलेले. बरगड्या एक एक वेगळी. डोक्यावर चार केस. हात भीक मागावी तसा पुढे.

आत्या कमलला वेळेवर भरवायची, अंग पुसायची, चादरी उकळून धुवायची. कामात खोट नाही. फक्त ते खिडकीतलं हलवायची नाही.

एकदा आत्या पाणी भरायला गेली, तेव्हा कमलनं मला जवळ बोलावलं.

"पोरी, ते काढ ना तिथून. डोये मिटले तरी दिसते मले."

मी हात पुढे केला, तेवढ्यात आत्या घागर घेऊन दारात.

"राहू दे."

"भेते ती, आत्या."

"पाहू दे तिले. मी नाही पाह्यलं काय, माह्या घरात तिले?"

मी हात मागे घेतला. कमलनं भिंतीकडे तोंड केलं.

आत्या मारेल म्हणून मी थांबले नव्हते. तिनं कधी कोणावर हात उचलला नाही.

ती माझीही बाहुली करेल, माझे पुढे आलेले दात सगळ्यांना दाखवेल, एवढीच भीती. तेवढ्यासाठी.

मी आणखी आठ दिवस तिथं होते. कमलनं परत काही मागितलं नाही. होळीच्या आधी ती गेली.

तिच्या पोरीला, सुमनला, आत्यानंच वाढवलं. शिकवलं, मास्तरीण केलं. सुमन तिला मोठीआई म्हणायची. हेही खरं आहे.

आज फोनवर सुमननं विचारलं, "ताई, तुमी होत्या ना तवा? मोठीआईनं माह्या आईचं शेवटी नीट केलं ना?"

"हो," मी म्हटलं. "फार नीट केलं."

सुमन, तू ही पोस्ट वाचशील. आज मी तुला अर्धंच सांगितलं.

तुझ्या आईनं माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली होती. हात लांबवला की होण्यासारखी. मी केली नाही.

आत्या, तुझा निरोप घेते.

श्रद्धांजली मात्र कमलकाकूंना. फार उशिरा.