पप्पांचे घारे डोळे

पापडी गावच्या प्रिस्काला वारलेल्या पप्पांचे घारे डोळे मिळाले होते, पण बाईचं सगळं लक्ष आपल्या विरळ पापण्यांवर! काचबिंदूच्या औषधाने आईच्या पापण्या दाट झालेल्या पाहून, भावाच्या लग्नाआधी तीही तेच थेंब गुपचूप डोळ्यांत घालू लागली. पापण्या दाट झाल्या खऱ्या, पण हळूहळू डोळे तपकिरी झाले.

"आधी विचारलं असतंस तर धोका सांगून पापणीच्या कडेला लावायचं औषध दिलं असतं," डॉक्टरीणबाई करवादल्या. "गेलेला रंग आता येणार नाही."

या पापण्या काय आता चाटायच्या? प्रिस्का स्वतःवरच चरफडली.

रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघताना अधू नजरेच्या आईने नेहमीसारखी तिची हनुवटी वर उचलली आणि डोळ्यांत पाहून म्हणाली, "अजून तस्सेच आहेत गं, तुझ्या पप्पांचे."